टिकणं आणि पिकणं : लसूणघास दुष्काळ कसा सोसतो

आजचा विषय चाऱ्याचा आहे. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं चाऱ्यावर का बोलावं, असं काहींना वाटेल. कारण एका शब्दात आहे. ‘हे पीक दुष्काळ सहन करतं’ असं आपण सहज म्हणून जातो. या ‘सहन करणं’चा अर्थ नीट पाहिला नाही, तर शेतकऱ्याचा पैसा बुडतो आणि कधीकधी जनावरही दगावतं.

उदाहरण नंदुरबार जिल्ह्याचं घेऊ. जिल्हा एक, पण पाऊस आणि जमीन एक नाही. नवापूर-अक्कलकुव्याकडे पाऊस बरा, पूर्वेकडे नंदुरबार-शहाद्याला कमी. तापीकाठी खोल काळी जमीन, तर सातपुड्याच्या उतारावर मुरूम आणि खडक. शहादा तालुक्यातच सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घोडा आणि लसूणघास यांचं नातं फार जुनं आहे. या घासाचं ‘अल्फाल्फा’ हे नाव अरबीतून आलं आणि अरबीत ते जुन्या इराणी ‘अस्पस्त’वरून गेलं. त्यातला ‘अस्प’ म्हणजे आपला अश्व. घोड्याचं खाणं, एवढाच त्या नावाचा अर्थ.

इराणकडच्या कोरड्या मुलखातलं हे पीक पाण्याची ओढ कशी सोसतं, ते पाहू.

पहिली गोष्ट मुळाची. लसूणघासाला सोटमूळ असतं. खोल, निचऱ्याच्या जमिनीत ते दोन-तीन मीटर आणि त्याहूनही खाली जातं. वरची माती वाळली तरी खालची ओल त्याला मिळते. पण मुरमात हातभर खाली खडक लागला की हा फायदा संपला. आणि काळ्या जमिनीत पाणी साचून राहिलं, तर हेच मूळ कुजतं.

दुसरी गोष्ट पानांची. पानांवर अतिसूक्ष्म छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. पाणी कमी पडलं की ती मिटतात. पानंही कलतात आणि उन्हाला अंगावर न घेता कड दाखवतात. पाणी वाचतं, पण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच दारानं आत येतो ना! दार लावलं की अन्न तयार होणंही मंदावतं.

तिसरी गोष्ट पेशींच्या आतली. ओढ वाढली की पेशींत साखर आणि प्रोलीनसारखी द्रव्यं साठतात. एका ताटलीत साधं पाणी ठेवा, दुसरीत साखरेचा पाक. पाणी उडून जाईल, पाक मात्र ओलसर राहील. विरघळलेली द्रव्यं पाण्याला धरून ठेवतात.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची : थांबणं. ताण पडला की वाढ आधी थांबते. वरचं हिरवं वाळलं तरी बुडखा जिवंत राहतो. सोटमुळात पिष्ट आणि इतर अन्न साठवलेलं असतं. ती त्याची गंगाजळी. पाणी मिळालं की त्या साठ्यावर बुडख्यावरचे डोळे फुटतात.

आता फरक लक्षात घ्या. हे सगळे उपाय झाड *टिकण्याचे* आहेत, *पिकण्याचे* नव्हेत. शेतकऱ्याला हवं असतं गव्हाणीत पडणारं हिरवं, आणि झाड जगतं ते नेमकं हिरवं कमी करून. भरघोस कापण्या हव्या असतील तर लसूणघासाला पाणी भरपूरच लागतं, उन्हाळ्यात साधारण आठ-दहा दिवसांनी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आरएल-८८ हा बहुवार्षिक वाण तीन-चार वर्षं उत्पन्न देतो, तो पाण्याच्या जोरावर.

मग विहीर आटत आली की काय करायचं? इथे खरी कसोटी लागते. कापणी झाली की झाडाला पानं नसतात. नवा फुटवा येतो तो गंगाजळीतून, आणि ती पुन्हा भरायला आठवडे लागतात. म्हणून तर दोन कापण्यांत २५ ते ३० दिवसांचं अंतर ठेवतात. ताणात असताना बोटभर वाढलेलं पुन्हापुन्हा कापलं, तर मुळातला साठा संपतो आणि पाऊस आला तरी बुडखा फुटत नाही. गोठ्यात गाय हंबरत असताना विळा बाजूला ठेवणं सोपं नाही, हे मला कळतं. पण आजचा एक भारा पुढच्या वर्षाचा घास खाऊन टाकू शकतो.

आता ज्वारी बघा. ओढ पडली की तिची पानं गुंडाळतात, वाढ थांबते, पाऊस आला की पुन्हा सुरू होते. सोसण्यात ती लसूणघासापेक्षा काटक. पण कोवळ्या, ताणानं खुरटलेल्या ज्वारीत विष तयार करणारं द्रव्य वाढतं. जनावराच्या पोटात त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं आणि थोड्या वेळात जनावर आडवं होतं. पावसानंतर आलेला नवा फुटवा विशेष घातक. म्हणून फुलोऱ्याआधीची ज्वारी हिरवी घालू नये. नीट वाळवली की विष बरंच कमी होतं. म्हणजे पिकानं सोसलेलं कधीकधी जनावराला भोगावं लागतं.

लसूणघासात हा धोका नाही, पण उपाशी जनावराला तो ओला पोटभर घातला तर पोटफुगी होते. तो कडब्यात मिसळून द्यावा.

तेव्हा एकच पीक सगळं सोसेल, ही अपेक्षा सोडू या. विहिरीजवळच्या खोल, निचऱ्याच्या तुकड्यावर पाणी पुरेल एवढाच लसूणघास. पावसाच्या रानात ज्वारी-बाजरी, आणि तिचा वाळलेला कडबा उन्हाळ्यासाठी राखलेला. बांधावर मारवेल, मुरमाड उतारावर अंजन गवत. आणि पुढच्या वेळी बियाण्याच्या पिशवीवर ‘दुष्काळ सहन करणारे’ असं छापलेलं दिसलं, तर दुकानदाराला विचारा : कोणत्या जमिनीत, किती दिवस, आणि तेवढ्या दिवसांत माझ्या गायीला काय मिळेल?

आता तुमचे प्रश्न घेऊ.