पोथ्यांच्या खोलीची खिडकी

१. अमरकोशांत 'वातायन' व 'गवाक्ष' हे शब्द एकाच अर्थीं दिले आहेत. पहिल्यांत वारा आहे, दुसऱ्यांत डोळा. जुन्या घराची दुरुस्ती करतांना कोणती खिडकी बसवावी, हें ठरवितांना ज्यांच्या संग्रहीं पोथ्या आहेत त्यांनीं हीं दोन्ही अंगें ध्यानांत ठेविलीं पाहिजेत. कारण दमट वारा व प्रखर उजेड हे दोन्ही पोथीचे शत्रु होत.

२. वाई येथील आमच्या वाड्याच्या माडीवरील पश्चिमेची खिडकी बदलण्याचा प्रसंग नुकताच आला. चौकटीचें खालचें लांकूड कुजून तेथून पाऊस आंत येत असे. त्या ओलीनें एका पोथीचीं शेवटचीं पत्रें एकमेकांस चिकटलीं आणि लेखकाचें नांव व शक असलेला समाप्तिलेख पुसून गेला. काजळाची शाई उन्हानें विटत नाहीं, पण ओलीनें फिसकटते; उलट अशुद्ध अक्षरांवर लाविलेली हरताळ उजेडानें फिकट होते. म्हणून केवळ पावसाचा किंवा केवळ उन्हाचा बंदोबस्त पुरत नाहीं.

३. मिस्त्रीनें तीन मार्ग सांगितले. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीस वाळवी लागत नाहीं. परंतु ती धातु उष्णता त्वरित आंत आणते, व दोन झडपांची सरकती खिडकी एका वेळीं निम्मीच उघडते. यूपीव्हीसीची चौकट उष्णता कमी वाहते, आणि तिच्या रबरी पट्ट्यांमुळें धूळ व पाऊस चांगला अडतो. परंतु जुन्या भिंतींतून ओल येतच असेल, तर अशी घट्ट खिडकी सदा बंद राहिल्यास ती ओल खोलींतच कोंडते. तिसरा मार्ग, कुजलेला भाग कापून तेथें नवा सागवान जोडण्याचा. त्यास सुतार चांगला हवा, पावसाळ्यांत लांकूड फुगतें, आणि वेळोवेळीं तेलपाणी करावें लागतें.

४. कांचेचा विचार निराळा करावा. साध्या कांचेंतून अतिनील किरणांचा बराच भाग आंत येतो. दोन कांचांमध्यें प्लॅस्टिकचा पातळ थर दाबून केलेली लॅमिनेटेड कांच ते किरण बहुतेक सर्व अडविते. तथापि दृश्य प्रकाशही अपाय करतोच. संग्रहालयांत हस्तलिखितांवर साधारणतः ५० लक्सपेक्षां अधिक उजेड पडूं देत नाहींत. मध्यें हवा कोंडलेली दुहेरी कांच उष्णता व आवाज कमी करते. वातानुकूलन नसलेल्या खोलींत तिच्यावर खर्च करण्याचें आम्हांस प्रयोजन दिसलें नाहीं. गोमंतकांतील जुन्या घरांच्या खिडक्यांत कांचेऐवजीं शिंपल्यांचीं पातळ तावदानें आढळतात. त्यांतून उजेड सौम्य होऊन येतो.

५. आम्हीं जुनी चौकट जोडून घेतली, बाहेरच्या लांकडी फळ्या कायम ठेविल्या, आंतून लॅमिनेटेड कांचेचीं तावदानें बसविलीं व वरचा छज्जा वाढविला. पोथ्यांचें कपाट बाहेरच्या भिंतीपासून दूर नेलें. हवेची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ शेंकडा ६५ चे वर राहिल्यास बुरशी धरण्याचें भय असतें. म्हणून आर्द्रतामापक पाहूनच खिडकी उघडतों.

६. ज्याचे घरीं पोथ्या नाहींत त्यानें दुसरा मार्ग पत्करला तरी आमची तक्रार नाहीं. परंतु संग्राहकांनीं मृग लागण्यापूर्वीं चौकटीचें खालचें लांकूड सुरीच्या टोंकानें टोंचून पाहावें, आणि समाप्तिलेखांच्या नकला आधीं करून ठेवाव्या. आम्हीं ती केली नव्हती. त्या लेखकाचें नांव आतां कळावयाचें नाहीं.