उडत्या पाणपक्ष्यांचे छायाचित्र

गेल्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजातला एक विद्यार्थी मुंबईला शिवडीच्या किनाऱ्यावर सबंध सकाळ घालवून आला. कॅमेरा चांगला, भिंगही लांब पल्ल्याचे. पण हाती लागल्या त्या नुसत्या काळ्या आकृत्या, आणि त्याही पाठमोऱ्या. "सर, पक्षी आमच्याकडे तोंडच करीत नाहीत!" मी म्हटले, "अरे, तू गेलास ती वेळच चुकली."

असे पाहा. शिवडीला आपण उभे राहतो ते खाडीच्या पश्चिम तीरावर. सकाळचे ऊन पक्ष्यांच्या मागून येऊन आपल्याच डोळ्यांवर पडते. वाराही त्या वेळी बहुधा जमिनीकडून, म्हणजे पूर्वेचा. आणि पक्षी उठतो तो वाऱ्याला सामोरा होऊन. त्याने पंखांना उचल लवकर मिळते. रोहित, म्हणजे आपला फ्लेमिंगो, त्याला तर उठण्यापूर्वी काही पावले धावावे लागते. सकाळी तो आपल्याकडे पाठ करूनच धावणार! दुपारनंतर सगळेच उलटते. ऊन आपल्या पाठीशी, वारा समुद्रावरून, आणि उठलेला थवा सरळ आपल्याकडे येतो. मिटलेल्या पंखाखाली दडलेला तो लाल आणि काळा रंग तेव्हा कुठे दिसतो.

पण नुसती दुपार असून भागत नाही, भरतीही हवी. ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो आणि पक्षी पार टोकाला जातात. पाणी चढू लागले की तेच त्यांना किनाऱ्याकडे ढकलीत आणते. आपल्या कोकणात जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. पंचमीला ती पावणेचारच्या सुमारास. तेव्हा दीडच्या आत जाऊन बसावे आणि हलू नये.

कॅमेऱ्याचे म्हणाल तर रोहितासाठी सेकंदाचा हजारावा भाग पुरतो. तुतारीसारख्या चपळ, लहान पक्ष्याला दोन हजारावा तरी हवा. काळसर चिखलापुढून पांढरा बगळा जात असेल तर प्रकाश थोडा कमी घ्यावा, नाहीतर पिसे धुऊन निघतात. बाकी हात बसला की जमते.

एक गोष्ट मात्र सांगायला संकोच वाटतो. काही वर्षांपूर्वी शेकाट्यांचा आणि तुताऱ्यांचा एक थवा जवळ चरत होता, आणि उडायचे काही नाव घेईना. मी टाळी वाजवली. चित्र उत्तम आले. त्यांतल्या बाकदार चोचीच्या तुताऱ्या सैबेरियाच्या पार उत्तरेकडे जाऊन अंडी घालतात. महिना एप्रिल, त्या प्रवासाची चरबी त्यांना याच चिखलातून गोळा करायची होती, आणि चिखल उघडा असतो तो दोन भरत्यांच्या मधले काही तासच. ठाण्याच्या खाडीत २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, पण शिवडी त्याच्या हद्दीबाहेर. मला हटकणारे तिथे कोणी नव्हते.

पक्षी चरायचे थांबले, माना वर करून उभे राहिले, की आपण फार जवळ आलो असे समजून मागे सरावे. हे मी त्यानंतर शिकलो. थवा दोन घिरट्या घालून पलीकडच्या तीराकडे निघून गेला, तो परतला नाही. मी तिथेच बसून होतो. अर्ध्या तासात पाणी त्या जागेवर आले. टाळी वाजवली नसती, तरी ते तेव्हा उडालेच असते.