अवकाशाच्या उंबरठ्यावरची तोफ

18 नोव्हेंबर 1966 रोजी अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, युमा येथील लष्करी चाचणीतळावर, एका तोफेने 84 किलो वजनाचा ‘मार्टलेट’ नावाचा बाण थेट आकाशाकडे डागला. तो 180 किलोमीटर उंच गेला. अवकाशाची हद्द साधारण 100 किलोमीटरवर धरतात, म्हणजे ती ओलांडून हा बाण बराच पुढे पोहोचला. तोफेच्या बळावर गाठलेल्या उंचीचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. तरीही 1967 मध्ये ‘हार्प’ हा सारा प्रकल्प गुंडाळला गेला आणि उपग्रह सोडू न शकलेली तोफ एवढीच त्याची ओळख उरली. ही ओळख अन्यायाची आहे. यंत्राची पारख त्याने प्रत्यक्ष केलेल्या कामावरून व्हायला हवी आणि त्या कसोटीवर हार्प खणखणीत उतरतो.

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले जेराल्ड बुल आणि तिथले अभियांत्रिकीचे अधिष्ठाता डोनाल्ड मॉर्डेल यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला हा घाट घातला. युमाच्या आधी अमेरिकी नौदलाची वापरातून गेलेली 16 इंची तोफ बार्बाडोस बेटावर आणली गेली. पूर्वेला अथांग अटलांटिक असल्याने बाण कोणाच्या डोक्यावर पडायची भीती नव्हती. तोफेच्या नळीतले आटे घासून ती आतून गुळगुळीत केली आणि पुढे तिला दुसरी नळी जोडून लांबी सुमारे 36 मीटरपर्यंत वाढवली. मार्टलेट नळीपेक्षा बराच सडपातळ होता. म्हणून त्याच्याभोवती लाकडी आवरण बसवत. दारूच्या वायूचा सगळा रेटा हे आवरण झेलत असे आणि तोंडाबाहेर पडताच त्याचे तुकडे गळून पडत. मग पंखांचा निमुळता बाण तेवढा वर झेपावे.

वर जाऊन करायचे काय, याचे उत्तर हवेत होते. फुगे साधारण 40 किलोमीटरपर्यंत जातात आणि उपग्रह दीडशे किलोमीटरच्या खाली फार काळ तग धरत नाहीत. मधल्या पट्ट्यातले वारे मोजायला तिथे काहीतरी पाठवावेच लागते. मार्टलेट वाटेत ट्रायमिथाइल ॲल्युमिनियम सोडत जाई. वरच्या हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन रात्रीच्या आकाशात उजळ रेघ उमटे. वारा ती रेघ वेडीवाकडी ओढी आणि वेगवेगळ्या ठिकाणच्या कॅमेऱ्यांतून काढलेल्या छायाचित्रांवरून त्या वाऱ्याची दिशा आणि वेग काढता येई. 21 नोव्हेंबर 1963 रोजी केरळातल्या थुंबाहून भारताने सोडलेल्या पहिल्या रॉकेटनेही सोडियमची वाफ सोडून हाच शोध घेतला होता.

मग रॉकेट असताना तोफ कशाला? एका बाराचा खर्च काही हजार डॉलर होता आणि एका रात्रीत अनेक बार काढून तासागणिक बदलणारे वारे टिपता येत. दुसरा आक्षेप धक्क्याचा. सेकंदाला 2,100 मीटरचा वेग 36 मीटरच्या नळीत गाठायचा, तर बाणावर गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी सहा हजार पट ताण येतो. यात माणूस जाणे अशक्यच. पण इलेक्ट्रॉनिक उपकरणे रेझिनमध्ये घट्ट ओतून बसवली, तर ती हा दणका सोसतात, हे हार्पने दाखवून दिले.

तिसरा आक्षेप मात्र मान्य करावाच लागतो. कक्षेत फिरायला सेकंदाला जवळपास आठ किलोमीटर वेग लागतो. ताण तेवढाच ठेवून हा वेग मिळवायचा, तर नळी अर्ध्या किलोमीटरहून लांब हवी. शिवाय जमिनीवरून डागलेली वस्तू, वेग कितीही अचूक असला तरी, फेरी मारून पुन्हा जमिनीकडेच येते. वर गेल्यावर तिला आणखी एक धक्का देणारे रॉकेट अटळ आहे. बुल यांनाही हे ठाऊक होते. तोफेतून सुटणाऱ्या तीन टप्प्यांच्या ‘मार्टलेट 4’ची आखणी त्याचसाठी होती. ती कागदावरच राहिली.

बुल पुढे शस्त्रव्यापारात शिरले, इराकसाठी महातोफ बांधू लागले आणि मार्च 1990 मध्ये ब्रसेल्समध्ये त्यांची हत्या झाली. तोफेचे तंत्र शेवटी युद्धाकडेच वळते, असे यावरून म्हटले जाते. पण रॉकेटचा जन्मही युद्धातच झाला होता. फरक पडला तो पाठबळात. रॉकेटला नागरी संस्था मिळाल्या, तर हार्पचा मोठा आधार लष्कर हाच राहिला आणि तो सुटताच विज्ञानही थांबले. स्वस्तात, वारंवार आणि नेमक्या जागी उपकरणे पाठवायची गरज आजही आहे. ती भागवताना तोफेकडे रॉकेटचा प्रतिस्पर्धी म्हणून पाहू नये. उंच हवेची नाडी तपासणारे साधन म्हणून पाहिले, तर हार्पचे काम पुढे नेण्याजोगे आहे.