व्यसन, अभ्यास आणि संन्यास

'जित्याची खोड मेल्यावाचून जात नाही' ही म्हण आमच्या घराघरांत इतक्या वेळा उच्चारली जाते, की तिचा खरेखोटेपणा तपासून पाहावा असे कोणाच्या मनातही येत नाही. आजोबांची तपकीर, आत्याबाईंची मशेरी, धाकट्या भावाच्या खिशातील तंबाखूची पुडी, यांपैकी कोणताही विषय निघाला की कोणीतरी ही म्हण म्हणतो आणि विषय तेथेच मिटतो. म्हण मोठी सोयीची आहे. ज्याला खोड आहे तो ती सोडण्याच्या जबाबदारीतून सुटतो, आणि घरची माणसे त्याला साहाय्य करण्याच्या कष्टांतून सुटतात. आमचे म्हणणे असे की, ही म्हण वस्तुस्थितीला धरून नाही. खोड जाते, आणि जिवंतपणीच जाते. मात्र आपण समजतो त्या वाटेने ती बहुधा जात नाही. ती वाट कोणती, एवढाच या लेखाचा विषय होय.

आमचा जन्म संस्कृत शिकविण्यात गेला, तेव्हा आरंभ शब्दांपासून केल्यास वाचकांस नवल वाटू नये. संस्कृतात 'अस्' नावाचे दोन धातू प्रसिद्ध आहेत. एक 'असणे' या अर्थाचा, तो सर्वांस ठाऊक आहे. दुसरा चौथ्या गणातील, 'फेकणे' या अर्थाचा. या दुसऱ्या धातूस 'वि' हा उपसर्ग लागून 'व्यसन' शब्द होतो, 'अभि' लागून 'अभ्यास' होतो, आणि 'सम्' व 'नि' हे दोन लागून 'संन्यास' होतो. मनुष्य आपले बळ इतस्ततः उधळतो ते व्यसन. तेच बळ एका दिशेस पुनःपुन्हा लावतो तो अभ्यास. आणि हातातले सर्व एकदम खाली ठेवतो तो संन्यास. तिन्ही शब्द एकाच आईची लेकरे आहेत. व्यसन सोडावयाचे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तत्काळ संन्यास उभा राहतो. अभ्यासाची आठवण फार थोड्यांस होते, आणि बहुतेकांचे बिनसते ते येथेच.

आम्ही राहतो ते गोखिवरे वसई रोड स्थानकाच्या पूर्वेस, तुंगारेश्वराच्या डोंगराकडे जाणाऱ्या बाजूस आहे. एके काळी येथे भाताची खाचरे होती. आता कारखान्यांचे गाळे आहेत, रिक्षांच्या रांगा आहेत, आणि २००९ पासून वसई-विरार महानगरपालिका आहे. पश्चिमेकडील वाड्यांत केळीबरोबर पानवेल हेही या भागाचे जुने उत्पन्न. तेव्हा पान आमच्याकडे परके कधीच नव्हते, आणि पानाच्या आडून तंबाखू घरात केव्हा शिरला हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. आता पानही गळाले आणि नुसती पुडी उरली. कारखान्याच्या पाळीवर जाणारा, गाडीत दीड-दीड तास उभा राहणारा आणि दुकानात बसणारा असे सगळेच तिचे गिऱ्हाईक. सुशिक्षित कुटुंबे यास अपवाद आहेत असे मानणे हा शुद्ध भ्रम होय. आपल्याकडे ती खोड अधिक नीटनेटक्या डबीत राहते, इतकेच.

आता म्हणीची परीक्षा पाहू. देशात प्रौढ माणसांच्या तंबाखूसेवनाची मोठी पाहणी दोनदा झाली. पहिल्या खेपेस, म्हणजे २००९-१० साली, महाराष्ट्रात शेकडा ३१.४ प्रौढ माणसे कोणत्या ना कोणत्या रूपाने तंबाखू सेवन करीत होती. दुसऱ्या खेपेस, २०१६-१७ साली, हे प्रमाण शेकडा २६.६ वर आले. सात वर्षांत शेकडा पाचांच्या जवळपास उतार पडला, तो काही नव्या माणसांनी खोड लावून न घेतल्यामुळे आणि काहींनी लागलेली सोडल्यामुळे. याउलट शेकडा २६ म्हणजे चारांत एकाहून अधिक, हेही विसरता कामा नये. त्या चौघांतील एक आपल्याच पंक्तीस जेवावयास बसलेला असतो. मुखाच्या कर्करोगाशी तंबाखूचा संबंध आता निर्विवाद सिद्ध झाला आहे. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात, जे १९४१ पासून चालू आहे, या रोगाचे रोगी किती दुरून येतात हे तेथे एकदा जाऊन आलेल्यास सांगावे लागत नाही.

मग मनुष्य खोड सोडू पाहतो तेव्हा काय करतो? तो संकल्प करतो. पाडव्याचा मुहूर्त धरतो, काशीस जाऊन आवडती वस्तू सोडून येतो, किंवा चातुर्मासाचा नेम घेतो. या प्रथांची थट्टा करण्याचे आमच्या मनात नाही. त्यांत फार मोठे शहाणपण आहे. पण ते कोठे आहे हे नीट पाहिले पाहिजे. चातुर्मासात वांगे सोडणारी मंडळी चार महिने वांग्याकडे पाहात नाहीत, आणि चंपाषष्ठीस खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखविला की वांगे पुन्हा ताटात येते. नेमाची मुदत संपली, वांग्याची जागा मात्र तशीच मोकळी राहिली होती. ते आपल्या जागी परत आले. वांग्याने कोणाचे बिघडत नाही, म्हणून हा दृष्टान्त निरुपद्रवी आहे. तंबाखूचे नेमकेपणाने असेच होते, आणि ते निरुपद्रवी नसते.

याच्या शेजारी वारकऱ्याची तुळशीची माळ ठेवून पाहावी. माळ घातली की मद्य-मांस सुटते, आणि पुष्कळांच्या बाबतीत ते जन्मभर सुटते. एका दिवसाच्या संकल्पास जे साधत नाही ते माळेस कसे साधते? आमच्या समजुतीप्रमाणे याची कारणे तीन. माळ गळ्यात दिसते, म्हणून भोवतालची माणसे आग्रह करीत नाहीत. माळेबरोबर दिंडी येते, म्हणजे संगत बदलते. आणि सोडलेल्या गोष्टीच्या जागी रोजचा हरिपाठ, पंधरवड्याची एकादशी आणि वर्षाची वारी येऊन बसते. वरून पाहणाऱ्यास हा त्याग दिसतो, पण आतून तो सगळा अभ्यास आहे.

अर्वाचीन मानसशास्त्र निराळ्या वाटेने याच ठिकाणी आले आहे. अमेरिकेतील विल्यम जेम्स यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मानसशास्त्रावरील मोठ्या ग्रंथात सवयीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले. नवी सवय मुरेपर्यंत तिला एकही अपवाद होऊ देऊ नये, असा त्यांचा कडक उपदेश होता. पुढे १९६० साली मॅक्सवेल माल्ट्झ या शस्त्रवैद्याच्या एका लोकप्रिय पुस्तकातून एकवीस दिवसांचा हिशेब निघाला, आणि एकवीस दिवसांत कोणतीही सवय लागते किंवा सुटते ही समजूत आजही जिकडेतिकडे ऐकू येते. प्रत्यक्ष मोजमाप मात्र फार उशिरा झाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली व त्यांचे सहकारी यांनी ९६ माणसांस एकेक लहानशी नवी सवय निवडावयास सांगून १२ आठवडे रोज नोंद ठेवविली. या प्रयोगाचा निष्कर्ष २०१० साली छापला गेला. सवय अंगवळणी पडावयास सरासरी ६६ दिवस लागतात असे दिसले. पण कोणास १८ दिवस पुरतील, तर कोणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. आमच्या मते याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय जडण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. जेम्स यांचा उपदेश जितका कडक होता तितका मनुष्यस्वभाव कडक नाही, ही आपल्यासारख्यांस दिलासा देणारी वार्ता आहे.

शाळामास्तरास हे नवे नाही. लेखणी वाकडी धरणारा मुलगा छडीने सुधारत नाही, 'उद्यापासून सरळ धरीन' अशा वचनानेही सुधारत नाही. त्याच्यापुढे कित्ता ठेवावा लागतो, आणि पान, दोन पाने, चाळीस पाने गिरविता गिरविता बोटे नवे वळण शिकतात. मधले एक पान बिघडले म्हणून कोणी कित्ता फाडून टाकीत नाही.

आता खोडीचे दुसरे अंग पाहू. खोड एकट्या मनुष्यात राहत नाही. ती त्याच्या जागेत, वेळेत आणि संगतीत वाटलेली असते. याचे सर्वांत ठळक उदाहरण व्हिएतनामच्या युद्धातून मिळाले. तेथे असताना अमेरिकेच्या साध्या सैनिकांपैकी सुमारे एकपंचमांश अफूवर्गातील मादक द्रव्यांच्या आहारी गेले होते. ही माणसे परतल्यावर देशाचे काय होईल, या चिंतेने सरकारने १९७१ साली परतलेल्या सैनिकांची पाहणी करविली. ली रॉबिन्स या विदुषींनी ती केली. तेथे व्यसनाधीन झालेल्यांपैकी मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात पडलेले केवळ शेकडा ५ च्या आसपास निघाले. रणभूमी, ती भीती, तो रिकामा वेळ आणि पुरवठा करणारे हात मागे राहिले, आणि त्यांच्याबरोबर खोडही पुष्कळशी मागेच राहिली.

आपल्या महाराष्ट्रात या तत्त्वावर एक संस्था जवळजवळ चार दशके उभी आहे, ती पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. गर्द नावाच्या विषाने शहरांतील तरुण मुले ग्रासली जात असताना अनिल अवचट यांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून व्यथित झालेले पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी द्रव्यसाहाय्य देऊ केले. आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात वैद्य असलेल्या डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी हे केंद्र सुरू केले. सुनंदाबाई १९९७ साली निवर्तल्या, अनिल अवचट जानेवारी २०२२ मध्ये गेले. केंद्राचे काम त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर पाहतात. तेथे आलेला मनुष्य पस्तीस दिवस राहतो. त्याची जुनी जागा, वेळ आणि संगत एकदम बदलते. दिवस ठरावीक कामांनी, व्यायामाने आणि बोलण्याने भरला जातो. तेथील कार्यकर्त्यांत पुष्कळ जण पूर्वी स्वतः रुग्ण म्हणून आलेले आहेत. सुटता येते याचा पुरावा त्यामुळे समोर चालताबोलता दिसतो, आणि त्याची बरोबरी कोणतेही व्याख्यान करू शकत नाही. पस्तीस दिवसांनंतर घरी गेलेल्यांशी संबंध ठेवणे आणि त्यांच्या पत्नींस एकत्र आणणे हाही केंद्राच्या कामाचाच भाग आहे. कारण परतून जावयाचे ते त्याच घरात.

घरी परतलेल्यांतील काही जण पुन्हा पडतात. येथेच घराची खरी परीक्षा होते. जेम्स प्रोचास्का व कार्लो डिक्लेमेंटे या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली स्वतःच्या बळावर धूम्रपान सोडू पाहणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि पुढे त्यांच्या विचारातून बदलाच्या पायऱ्यांची मांडणी स्थिर झाली. प्रथम विचारच नसतो, मग विचार येतो, मग सिद्धता होते, मग कृती, आणि शेवटी साधलेले जपणे. मनुष्य या पायऱ्या एकदाच सरळ चढत नाही. घसरतो, पुन्हा चढतो, आणि धूम्रपान सोडणारे बहुतेक जण यशापूर्वी अनेकदा फसलेले असतात. गीतेच्या सहाव्या अध्यायात मनाच्या चंचलपणाची तक्रार करणाऱ्या अर्जुनास भगवंतांनी रागे भरले नाही. मन आवरणे कठीण आहे हे मान्य करून त्यांनी अभ्यास आणि वैराग्य ही दोन साधने सांगितली, आणि त्यांत अभ्यासास अग्रस्थान दिले. आमच्या घरांतील वडीलधाऱ्यांनी हा क्रम ध्यानात ठेवावा.

आमची एवढीच सूचना आहे. घरातील कोणी तंबाखू सोडू म्हणाला तर त्याची चारचौघांत परीक्षा घेऊ नये. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात. चिडचीड होते, झोप उडते, आणि हा त्रास तीन-चार आठवड्यांत बराच ओसरतो. त्या दिवसांत त्याचे उलट बोलणे सुनांनी, भावांनी व मुलांनी मनावर घेऊ नये. तलफ एकेका वेळी काही मिनिटेच टिकते. तेवढ्या वेळापुरती बडीशेप, लवंग, पाण्याचा पेला किंवा अंगणातील फेरी पुढे करावी. जेवणानंतर ज्या खुर्चीत बसून डबी उघडली जात असे ती खुर्ची काही दिवस हलवावी. डबी लपवू नये. त्यानेच ती घराबाहेर काढावी. आजीच्या मशेरीसही हेच लागू आहे. वयाकडे पाहून ती वगळू नये. तोंडातील पांढरा चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, किंवा तोंड पुरते न उघडणे, यांपैकी काही दिसल्यास वैद्यांस विनाविलंब दाखवावे. तंबाखू सोडण्यासाठी शासनाची १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. मद्याची गोष्ट मात्र निराळी: दीर्घकाळ अतिशय पिणाऱ्याने ते एकाएकी बंद केल्यास जीवावर बेतू शकते, म्हणून तेथे वैद्याचा सल्ला आधी, संकल्प नंतर.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील आठवे अधिकरण व्यसनांविषयीचे आहे. त्यात राजाच्या द्यूत-मद्यादी खोडींबरोबरच आग, पूर, रोगराई आणि दुष्काळ यांचाही विचार केला आहे. कारण व्यसन म्हणजे मुळात आपत्ती. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्याकडे पाणी तुंबून गाड्या बंद पडल्या, तेव्हा ज्याच्या घरात पाणी शिरले त्याला कोणी उपदेश केला नाही. शेजाऱ्यांनी सामान उचलू लागण्यास हात दिला. पाणी ओसरल्यावर भिंतींची ओल जावयास कित्येक आठवडे लागले, त्याबद्दलही कोणी भिंतींस दोष दिला नाही. घरातील खोड असलेल्या माणसास इतकीच वागणूक मिळाली, तरी त्याच्या अभ्यासाचे पहिले पान गिरविले जाईल.