मंडळी, सल्ला आणि तिजोरी

जून १८१० च्या अखेरीस मॅसॅच्युसेट्समधील ब्रॅडफर्ड या गावी पाळकांची वार्षिक सभा भरली होती. अँडोव्हरच्या धर्मशास्त्र विद्यालयातील काही विद्यार्थ्यांनी तिच्यापुढे अर्ज ठेवला: आम्हाला परदेशात शुभवर्तमान सांगायला जायचे आहे, पाठवणार कोण? सभेने २९ जूनला ठराव करून एक मंडळ नेमले. हेच पुढचे अमेरिकन बोर्ड. त्याने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. अहमदनगरचे काम, १८४२ पासूनचा ‘ज्ञानोदय’, रेव्हरंड टिळकांचे मिशनमधील आयुष्य, या साऱ्याचा धागा त्या सभेपर्यंत जातो. पण ठराव करणारी ती ‘जनरल असोसिएशन’ मॅसॅच्युसेट्समधील एकाही चर्चला हुकूम देऊ शकत नव्हती. पाळक नेमणे किंवा काढणे, कोणाच्या प्रार्थनामंदिराला कुलूप लावणे तिच्या हाती नव्हते. काँग्रिगेशनल पंथात असा अधिकार कोणत्याही वरिष्ठ संस्थेला नसतो. गावची मंडळी स्वतःच पूर्ण चर्च असते: सभासद एकमेकांशी आणि देवाशी करार करतात, आपला पाळक आपण निवडतात, आपला कारभार आपण पाहतात.

अशा पंथाला विभागीय संघटना हव्यातच कशाला, हा प्रश्न गेली चारशे वर्षे त्याच्यातच विचारला जातो आहे. नेहमीचे उत्तर असे की संघटना ही तडजोड होती. मूळ स्वातंत्र्य शुद्ध होते, पुढे सोयीसाठी समित्या आल्या आणि स्वातंत्र्य झिजत गेले. कागदपत्रे काही वेगळेच सांगतात. शेजारच्या मंडळ्यांचा सल्ला हा या पद्धतीचा पहिल्यापासूनचा अवयव आहे आणि त्याच्याशिवाय स्थानिक स्वातंत्र्य फार काळ टिकलेले दिसत नाही. स्वातंत्र्यावर घाला आला तो त्या सल्ल्याच्या पाठीशी सरकारचा कायदा किंवा कोणाची तरी तिजोरी येऊन उभी राहिली तेव्हा.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट ब्राऊन याने १५८२ मध्ये राज्यसत्तेच्या परवानगीची वाट न पाहता सुधारणा करण्याचा पुकारा केला. त्या वाटेने जाणाऱ्या हेन्री बॅरो, जॉन ग्रीनवुड आणि जॉन पेनरी यांना १५९३ मध्ये फाशी झाली. एकेकटी, लपून भरणारी मंडळी ही त्या काळाची गरज होती, तिला कोणी आदर्श मानले नव्हते. अमेरिकेत मोकळीक मिळताच या लोकांनी पहिल्यांदा शेजार जोडला. १६२९ मध्ये सेलमची मंडळी उभी राहिली तेव्हा प्लिमथच्या मंडळीचे प्रतिनिधी समुद्रमार्गे तिला सहभागितेचा हात द्यायला आले. त्यांच्या संमतीवाचून सेलमचे काही अडत नव्हते, पण त्यांच्या येण्याला अर्थ होता. १६४८ चा ‘केंब्रिज प्लॅटफॉर्म’ हाच अर्थ कलमांत मांडतो. रिचर्ड मेदर याने मुख्यतः लिहिलेल्या या दस्तऐवजात मंडळ्यांमधील सहभागितेचे सहा मार्ग सांगितले आहेत. एकमेकींची काळजी, सल्लामसलत, चुकणाऱ्या मंडळीला समज, पाहुण्या सभासदाला प्रभुभोजनात वाटा, गाव सोडणाऱ्याला शिफारसपत्र आणि अडलेल्या मंडळीला माणसांची वा पैशांची मदत. यांतला सर्वांत कठोर मार्ग समज देण्याचा. ती धुडकावली तर शेजारच्या मंडळ्या सहभागिता थांबवू शकत. त्यापलीकडे त्यांचा हात पोहोचत नव्हता.

त्याच प्लॅटफॉर्मच्या शेवटच्या प्रकरणात मात्र एक धोकादायक वाक्य आहे. एखादी मंडळी हट्टाने फुटून निघाली तर दंडाधिकाऱ्याने बळाचा वापर करावा, असे ते सुचवते. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत मताधिकार चर्चच्या सभासदांपुरता होता आणि पाळकाचा पगार करातून निघे. म्हणजे शेजाऱ्याच्या सल्ल्यामागे शिपाई पहिल्या दिवसापासून उभा होता. इथे मी या पूर्वजांचे समर्थन करणार नाही. अ‍ॅन हचिन्सन या विदुषीला वसाहतीतून हाकलण्यात हीच जोडी कामी आली होती. पण दोष नेमका कुठे होता ते पाहायला हवे. सल्ला देणारी परिषद आणि शिक्षा करणारे न्यायालय या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. दुसरीशिवाय पहिलीला दात नव्हते.

१७०५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या काही पाळकांनी कायमच्या परिषदा नेमण्याचा प्रस्ताव मांडला. पाळकांच्या विभागीय संघांनी उमेदवार तपासावेत आणि परिषदेचा निर्णय मंडळ्यांवर बंधनकारक असावा, असा त्याचा रोख होता. त्याला विरोध केला इप्सविचचा पाळक जॉन वाइज याने. १६८७ मध्ये लोकप्रतिनिधींना न विचारता लादलेल्या कराविरुद्ध गावाला उभे केल्याबद्दल हा माणूस तुरुंगात जाऊन आला होता. १७१७ च्या आपल्या ग्रंथात त्याने चर्चमधील लोकसत्तेचा पाया माणसाच्या निसर्गदत्त समतेत शोधला. सरकारनेही पाठबळ दिले नाही आणि प्रस्ताव मागे पडला. वाइजची पुस्तके १७७२ मध्ये, क्रांतीच्या तोंडावर, पुन्हा छापली गेली, ती योगायोगाने नव्हे. चर्चच्या कारभारावरचा वाद राज्यकारभाराची भाषा घडवू शकतो, याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

शेजारच्या कनेक्टिकटने उलटा रस्ता धरला. तिथे विधिमंडळानेच परिषद बोलावली आणि १७०८ मध्ये ‘सेब्रुक प्लॅटफॉर्म’ मंजूर केला. प्रत्येक काउंटीत मंडळ्यांचे ‘कन्सोसिएशन’ आणि पाळकांची ‘असोसिएशन’ स्थापन झाली. कन्सोसिएशनचा निर्णय न मानणाऱ्या मंडळीशी संबंध तोडण्याची शिक्षा होती, आणि कायद्याने मान्यता मिळायची तर या चौकटीत राहणे श्रेयस्कर होते. लिहिलेला नियम एकच, पण फेअरफील्ड काउंटीने त्याचा अर्थ कडक लावला आणि न्यू हेवनने सैल. १७४० च्या दशकात धर्मजागृतीची लाट आली तेव्हा याच यंत्रणेने फिरत्या उपदेशकांविरुद्ध १७४२ चा कायदा मिळवला. परिणामी अनेक मंडळ्या फुटून निघाल्या आणि त्यांतल्या पुष्कळ पुढे बॅप्टिस्ट झाल्या.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ख्रिस्ताचे देवत्व नाकारणारा युनिटेरियन विचार पसरला तेव्हा मॅसॅच्युसेट्सची जुनी चर्चेस धडाधड हातातून गेली, कनेक्टिकटमध्ये मात्र तो विचार फारसा रुजला नाही. १८११ मध्ये कॉव्हेंट्रीचा पाळक अ‍ॅबिएल अ‍ॅबट याला कन्सोसिएशनने याच कारणासाठी दूर केले. मग बंधनकारक निर्णय देणारी परिषद असलेलीच बरी, असे म्हणायला जागा आहे. हा आक्षेप उडवून लावता येत नाही; कन्सोसिएशनने आपले काम केले, हे मान्य केलेच पाहिजे. पण मॅसॅच्युसेट्समध्ये नेमके काय घडले ते पाहा. डेडॅम गावात करदात्यांच्या पॅरिशने एक पाळक निवडला. चर्चच्या बहुसंख्य सभासदांना तो नको होता, म्हणून ते बाहेर पडले. १८२० च्या निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मालमत्ता पॅरिशची. बाहेर पडलेल्या सभासदांचा तिच्यावर हक्क नाही. या न्यायाने सुमारे ऐंशी ठिकाणी जुन्या श्रद्धेच्या लोकांना स्वतःचे मंदिर सोडावे लागले. करातून चालणारा पॅरिश सभासदांच्या डोक्यावर बसवला होता राज्याने. सल्लागार परिषद दुबळी होती हे खरे, पण घर गमावले ते सरकारी करपद्धतीमुळे. १८३३ मध्ये मॅसॅच्युसेट्सनेही चर्चचा कर बंद केला, तेव्हा कुठे सल्ला हा निखळ सल्ला राहिला.

पश्चिमेकडे सरकणाऱ्या वस्त्यांसाठी १८०१ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि कनेक्टिकटची असोसिएशन यांच्यात एकत्र कामाचा करार झाला. तो ५१ वर्षे चालला आणि त्यात बहुतेक नवी चर्चेस प्रेस्बिटेरियनांच्या पदरात गेली. कारण सोपे आहे: त्यांच्याकडे विभागीय रचना होती, काँग्रिगेशनल मंडळ्यांकडे तिथे ती नव्हती. १८५२ मध्ये ऑल्बनीला भरलेल्या अधिवेशनाने करार सोडला आणि पश्चिमेत प्रार्थनामंदिरे बांधण्यासाठी ५०,००० डॉलर उभे करायचे ठरवले. १८७१ मध्ये ओबर्लिनला राष्ट्रीय परिषद कायमची झाली, तीही मंडळ्यांच्या स्वातंत्र्याची ग्वाही देऊनच.

याच सुमारास सल्ल्याच्या पद्धतीवर दुसरा, नैतिक आक्षेप येत होता: जी संस्था हुकूम देऊ शकत नाही ती अन्याय कसा थांबवणार? गुलामगिरीचा प्रश्न समोर होता. अमेरिकन बोर्डाने गुलाम बाळगणाऱ्या सभासदांबाबत ठाम भूमिका घेतली नाही आणि हा डाग पुसता येणारा नाही. पण गुलामगिरीविरोधकांना कोणाची परवानगी मागावी लागली नाही; त्यांनी १८४६ मध्ये ‘अमेरिकन मिशनरी असोसिएशन’ काढली आणि यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या लोकांसाठी शाळा-महाविद्यालये उभारली. १८५३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील साउथ बटलरच्या एका लहानशा मंडळीने अँटोनेट ब्राऊन या स्त्रीला पाळकपदाची दीक्षा दिली. वरून हुकूम येणारी पद्धत असती तर तो निर्णय कित्येक दशके कुठल्यातरी समितीत अडकला असता. अशा व्यवस्थेत अन्याय एका ठरावाने संपत नाही. पण न्यायाची सुरुवात एका गावातून होऊ शकते.

आता महाराष्ट्राकडे. अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन यांचे तत्त्व प्रसिद्ध आहे: प्रत्येक देशातील मंडळी स्वतःच्या खर्चाने चालावी, स्वतःचा कारभार पाहावा, स्वतः प्रसार करावा. १८५४-५५ मध्ये ते स्वतः भारतात आले, आणि त्याच वेळी नगरला हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे परिसरातील मंडळ्यांचे ‘ऐक्य’ उभे राहिले; न्यू इंग्लंडच्या असोसिएशनचे हे मराठी रूप. तत्त्व उदात्त होते आणि अँडरसन ते मनापासून मानत. पण कारभाराची खरी जागा ऐक्यात नव्हती, ‘मिशन’मध्ये होती, आणि मिशन म्हणजे मिशनऱ्यांची बैठक. पगार, शाळा, जमिनी यांचे निर्णय तिथे मताने होत, आणि मत मिशनऱ्यांचे. आपल्या देशात ज्यांनी बिशपाची सत्ता नाकारली, त्यांनी इथे बिशप न नेमताही बिशपाएवढीच सत्ता हाती ठेवली. १६४८ च्या यादीतला शेवटचा मार्ग, अडलेल्या मंडळीला मदत, हाच इथे लगाम झाला.

यावर मिशनची बाजू मांडणारे म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे, की नगर, शिरूर, राहुरी, वडाळे भागातील ख्रिस्ती लोक बहुतेक महार आणि मांग समाजातले, भूमिहीन, दुष्काळाने खंगलेले होते. १८७६-७८ च्या आणि शतकाअखेरच्या दुष्काळांत ज्यांच्या घरी दाणा नव्हता त्यांनी पाळकाचा पगार कुठून द्यायचा? गरिबी खरी होती. पण गरिबीने पैसा कमी पडतो, विवेक कमी पडत नाही. स्वातंत्र्यासाठी आधी स्वावलंबन हवे, ही अट न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांनी स्वतःला कधी लावली नव्हती. त्यांचे पाळक तर कित्येक पिढ्या सरकारी करावर पोसले गेले. ज्या सभासदाला वेशीबाहेर ठेवले होते, त्याला चर्चच्या सभेत हात वर करून मत देता आले, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. तो हात तिजोरीच्या निर्णयापर्यंत पोहोचू दिला नाही, हे मिशनचे अपुरेपण आहे. नारायण वामन टिळकांना ते जाणवले होते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या आणि अनेक वर्षे मिशनचे काम केलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि पंथांच्या भिंती ओलांडणारा ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यामागे त्यांची भक्तीची ओढ होतीच. पण पगार सोडण्याच्या कृतीत मला जॉन वाइजच्या युक्तिवादाचाच देशी पुरावा दिसतो.

१९२४ मध्ये या मराठी मंडळ्या प्रेस्बिटेरियनांबरोबर ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’त गेल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले, बिशपांसह. अमेरिकेत याच काळात काँग्रिगेशनल मंडळ्यांच्या दुसऱ्या पंथाशी विलीनीकरणाचा वाद न्यायालयात गेला होता. ब्रुकलिनच्या कॅडमन चर्चने १९४९ मध्ये दावा लावला; खालच्या न्यायालयात ते जिंकले, वरच्या न्यायालयांत हरले, आणि १९५७ मध्ये ‘युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट’ झाले. पण १९५३ च्या अंतिम निकालापर्यंत कोणी असे म्हटले नाही की मंडळ्यांची राष्ट्रीय परिषद, म्हणजे जनरल कौन्सिल, गावच्या मंडळीला बांधू शकते. विलीनीकरणवाद्यांनी हे आधीच मान्य केले होते, आणि नव्या संघटनेच्या घटनेत स्थानिक मंडळीच्या स्वायत्ततेचे कलम घालावे लागले. ज्यांना तरीही पटले नाही त्यांनी १९५५ मध्ये वेगळी राष्ट्रीय संघटना केली, तिच्यातही परिषदा आहेतच.

मराठी मंडळ्यांना असे कलम मिळाले नाही. भारतातील विखुरलेल्या, अल्पसंख्य ख्रिस्ती समाजाला एक आवाज हवा होता आणि मिशनच्या जमिनी सांभाळायला मजबूत संस्था हवी होती, ही ऐक्यवाद्यांची बाजू मला पूर्णपणे समजते. पंथभेद ही परदेशातून आलेली भांडणे होती, ती मिटवण्यात हित होते. मात्र ऐक्यासाठी पाळक निवडण्याचा आणि मालमत्तेवर मत देण्याचा स्थानिक सभेचा हक्क सोडणे अपरिहार्य नव्हते. ब्रुकलिनचा वाद तेच दाखवतो. मालमत्तेच्या नोंदी, पाळकांच्या बदल्या आणि हिशेब हे विषय आज धर्मप्रांताच्या पातळीवर ठरतात. गावच्या सभेला त्यांवर पुन्हा मत द्यायचे असेल, तर त्यासाठी परदेशी नमुना शोधायला नको. नगरच्या ऐक्याला त्या मताचा अर्धा भाग माहीत होता. उरलेला अर्धा, तिजोरीचा, त्याला कधीच दिला गेला नाही.