पन्नीला भाव किती?

अकोल्याच्या जठारपेठेतल्या आमच्या घरामागे कपड्यांच्या दोरीवर दुधाच्या पिशव्या वाळत असतात. आई त्या उलट्या करून विसळते, चिमट्याला लावते, वाळल्या की एकीत एक खोचून ठेवते आणि दिवाळीच्या आवराआवरीत विकते. रोजच्या दोन धरल्या तरी वर्षाच्या सातशेवर होतात. वजन मात्र जेमतेम दोन किलो, कारण अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी भरते तीन ग्रॅमच्या आसपास. शेव, चिप्स, बिस्किटं, तूरडाळ, कपड्यांची पावडर यांची पाकिटं ती धूत नाही. ती घंटागाडीत जातात. वऱ्हाडात दोन्हींना शब्द एकच, पन्नी. पण भंगाराच्या दुकानात एकीला भाव आहे, दुसरीला नाही.

का नाही, ते बघायला मी आईच्या पिशव्यांबरोबर घरातली रिकामी पाकिटंही घेऊन गेले. दुकानदाराने चष्मासुद्धा लावला नाही. एकेक पन्नी मुठीत चुरगाळली आणि कानाने निवडली. मऊ, मुकी असेल तर ‘एलडी’. पातळ आणि खसखसणारी ‘एचएम’. खणखणीत कुरकुरणारी ‘पीपी’. शंका आली की बोटांनी ताणून बघायचं. एलडी रबरासारखी लांबते, पीपी चर्रकन फाटते. डाळीचं चकचकीत पाकीट त्याने ताणलं तेव्हा ते लांबेनाही आणि फाटेनाही. त्याने ते बाजूला टाकलं. ‘‘ताई, याले कोनी फुकट बी घेत नाई.’’

अकोल्यात हे जास्त खुपतं, कारण हे डाळ मिलचं गाव आहे. एकेकाळी इथून डाळ निघायची ती तागाच्या पोत्यात. किराणा दुकानात पोत्याचं तोंड उघडं असायचं, मापाने डाळ कागदात पडायची, वर सुतळीचे दोन वेढे. त्या पोत्याचं गुणगान मात्र मी करणार नाही. ताग पावसाळ्यात ओल ओढतो, विणीतून किडा शिरतो. आजी वर्षाच्या डाळीला एरंडेल चोळायची, उन्हं दाखवायची, कडुनिंबाचा पाला घालायची, तरी श्रावणात परातीत सोंडे निघायचेच. पाकिटाने ती कटकट पुष्कळ कमी केली. खराब झालेल्या किलोभर डाळीत शेतकऱ्याचं पाणी, खत, मजुरी सगळं वाया जातं. त्यापुढे आठ ग्रॅम प्लास्टिक काहीच नाही. हा कंपन्यांचा युक्तिवाद आहे आणि तो खोटा नाही.

अडचण पाकिटाच्या पोटात आहे. डाळीचं पाकीट दिसतं एक, असतात दोन. बाहेरचा पापुद्रा साधारण बारा मायक्रॉनचा, पॉलिएस्टरचा. त्यावर छपाई होते, ताकद त्याची. आतला जाड आणि मऊ, पॉलिथिनचा. दोन्ही डिंकासारख्या चिकट द्रव्याने जन्माचे जोडलेले. आतला थर एकशेदहा अंशांच्या आसपास वितळतो, बाहेरच्याला अडीचशेच्या वर लागतात. म्हणून तर पॅकिंगच्या मशीनचा तापलेला जबडा पाकिटावर बसला की आतला थर वितळून जुळतो आणि बाहेरचा जबड्याला चिकटत नाही. क्षणात शिलाई, लगेच पुढचं पाकीट. पण जुनी पाकिटं वितळवून दाणा काढायला घ्या, तोच फरक आडवा येतो. एकशेसाठला पॉलिएस्टर तसाच राहून चाळणीत अडकतो, अडीचशेच्या वर नेलं तर पॉलिथिन करपतं. ज्या गुणाने पाकीट बंद होतं, त्याच गुणाने ते भंगारातून बाद होतं. चिप्सच्या पाकिटात आणखी चंदेरी मुलामा, आणि वजन दोनेक ग्रॅम. किलो भरायला पाचशे वेचायची, तीही फुकट.

कायद्याने ही गोष्ट बराच काळ बाजूलाच ठेवली. मुंबईच्या 26 जुलै 2005 च्या प्रलयानंतर राज्याने पातळ कॅरीबॅगवर बोट ठेवलं. अकोल्यात 13 जानेवारी 2018 रोजी मोर्णा नदीच्या स्वच्छतेला चार किलोमीटरच्या पट्ट्यात, चौदा ठिकाणी सहा हजारांवर माणसं उतरली. पंतप्रधानांनी त्याच महिन्यात ‘मन की बात’मध्ये उल्लेख केला. नदीतून जलकुंभी ओढली की मुळांना पन्न्या लोंबकळत येतात, हे काठावरच्यांना सांगायला नको. दोनच महिन्यांनी, 23 मार्च 2018 ला राज्याची प्लास्टिकबंदी आली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. हातातली पिशवी पकडली गेली, तिच्यातलं कारखान्यात भरलेलं पाकीट सुटलं. दुधाच्या पिशवीवर पन्नास पैसे परताव्याची तरतूद होती. आमच्या दूधवाल्याने ते ना कधी घेतले ना दिले. आणि विदर्भातल्या पानठेल्यांवर खर्रा आजही पन्नीवरच घोटला जातो. सुपारी, तंबाखू, चुना त्या चौकोनावर रगडायचा आणि त्याच चौकोनात बांधून द्यायचा. पाटा आणि पुडी एकच! याला पर्याय सुचवणारा अजून जन्मायचा आहे.

पाकिटाकडे कायदा खरा वळला तो 16 फेब्रुवारी 2022 च्या केंद्राच्या अधिसूचनेने. बाजारात वेष्टन आणणाऱ्यानेच ते परत गोळा करायची सोय बघावी, हे तत्त्व. तिथे प्रथमच आईची आणि भंगारवाल्याची वर्गवारी कागदावर दिसते. लवचीक प्लास्टिक हा दुसरा वर्ग. प्लास्टिकला ॲल्युमिनियम, कागद असा परका थर जोडलेला असेल तर तिसरा. 2025-26 पासून दुसऱ्या वर्गात दहा टक्के, तिसऱ्यात पाच टक्के पुनर्वापराचं प्लास्टिक हवं. पण पॉलिएस्टर आणि पॉलिथिन ही दोन्ही प्लास्टिकच; त्यामुळे आमचं डाळीचं पाकीट दुसऱ्या वर्गात बसतं, दुधाच्या पिशवीच्या मांडीला मांडी लावून. कागदाच्या कानाला दुकानदाराच्या कानाइतकं ऐकू येत नाही.

भंगारातून बाद झालेल्या पन्नीचं करायचं काय? मदुराईच्या प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी पन्नीचे तुकडे तापलेल्या खडीवर टाकले. खडीला लेप बसतो, मग डांबर. या रस्त्यांसाठी त्यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. दुसरी वाट सिमेंटच्या भट्टीत जाते. चौदाशे अंशांच्या आगीत कोळशाच्या सोबतीने पन्नी जळते. दोन्ही वाटांनी ती नजरेआड होते, पण पुन्हा पाकीट होत नाही. मला जास्त आशा वाटते ती पुण्याकडून. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 पासूनची. तिच्यातूनच उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी ही बहुस्तरी पाकिटं वेगळी गोळा केली, कारण आयटीसीने त्या पाकिटांना किलोमागे पैसे मोजले. भाव मिळाला, पाकीट उकिरड्यावरून उचललं गेलं.

दुसरं काम कारखान्यातलं. बाहेरचा थरही पॉलिथिनचाच, फक्त ताणून कडक केलेला, असं एकाच जातीचं पाकीट आता बनतं आणि नव्या दाण्यात जातं. मात्र दोन थरांच्या वितळण्यातलं अंतर उरतं थोडं. जबड्याचं तापमान काटेकोर राखावं लागतं, बहुतेकदा मशीनचा वेग उतरतो. मिनिटाला चार पाकिटं कमी निघाली तर तो तोटा डाळ मिलवाल्याने सोसायचा, कंपनीने, की गिऱ्हाईकाने, इथे गाडी अडलेली आहे.

दुकानातून निघताना तराजूवर आईच्या पिशव्या भरल्या दोन किलो शंभर. दुकानदाराने एक उचलून दाखवली, कोपरा पूर्ण कापून टाकलेली. तो नखाएवढा तुकडा ना त्याच्या तराजूवर येतो, ना घंटागाडीवाल्याच्या हाती लागतो. घरी येऊन सांगितलं. आई आता कोपऱ्याला नुसती चीर देते आणि तुकडा पिशवीलाच लटकत ठेवते. डाळीच्या पाकिटांचं काय, असं तिने विचारलं. ती मी अजून परत आणलेल्याच थैलीत ठेवली आहेत.