जिन्याखालचा नवा शहाणा

आमच्या इमारतीत बारा बिऱ्हाडे आणि जिन्याखाली बारा मीटर. पूर्वी त्या मीटरांच्या काचेआड ॲल्युमिनियमची एक चकती फिरत असे. तिच्या कडेवरची तांबडी खूण किती वेळात पुन्हा समोर येते ते मोजत बसणे, हा आम्हा मुलांचा पावसाळ्यातला खेळ होता. वडील कचेरीतून परत येताना जिन्याखाली एक नजर टाकीत आणि वर येऊन विचारीत, "आज इस्त्री कोणी काढली होती?" महिन्यातून एकदा एक गृहस्थ बॅटरी घेऊन येत, पायरीवर वही टेकवून आकडे उतरवून घेत आणि कोणाकडे तरी पाणी पिऊन जात. पुढे चकती गेली, तिच्या जागी आकड्यांचा छोटा पडदा आला. पण गृहस्थ येतच राहिले.

गेल्या चैत्रात तेही थांबले. दोन तरुण आले आणि दुपारच्या आत त्यांनी बाराही मीटर काढून नवे बसवले. ह्यांना 'स्मार्ट मीटर' म्हणतात. आपण शहाणे मीटर म्हणू. हे आपले रीडिंग आपणच कळवतात. बॅटरी नको, वही नको, पाणी नको.

वैशाखात पहिल्या मजल्यावरच्या मावशींचे बिल आले. मावशी एकट्या राहतात. दोन दिवे, एक पंखा, लहानसा फ्रिज आणि दुपारी तासभर टीव्ही, एवढाच त्यांचा विजेशी व्यवहार. महिन्याला ५० युनिटांच्या आतबाहेर. हे बिल १७० युनिटांचे होते. मावशी कोणाला काही बोलल्या नाहीत. पेन्शनमधून पैसे भरून मोकळ्या झाल्या. पुढल्या महिन्यात पुन्हा तेच. मग संध्याकाळी त्यांच्या खिडकीत दिवा दिसेनासा झाला. आमची सौ. एकदा वाटीभर आमटी द्यायला गेली, तर मावशी काळोखात जपमाळ घेऊन बसलेल्या.

"अगं, माझ्याच हातून काहीतरी चालू राहत असेल," त्या म्हणाल्या. "वय झालं. मीटर काय खोटं बोलणार आहे?"

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले. मीटर खोटे बोलत नसेलही. पण तो बोलतो तरी कोणत्या भाषेत, कोणाशी, आणि मुख्य म्हणजे कोणाच्या नावाने? म्हणून जरा वाचायला आणि जाणत्यांना विचारायला लागलो. जे हाती आले ते सांगण्यासारखे आहे. कारण आज ना उद्या हा शहाणा आपल्या सर्वांच्याच जिन्याखाली येणार आहे.

मीटरची बोली

जुना मीटर महिन्याला एक आकडा देई. नवा सामान्यतः दर अर्ध्या तासाला एक नोंद करून ठेवतो: दिवसाच्या ४८, तीस दिवसांच्या १,४४०. वीज किती वापरली, दाब किती होता, वीज केव्हा गेली, केव्हा आली, मीटरचे झाकण कोणी उघडले काय, हे सारे तो टिपतो. मग मोबाइलसारख्या सिमकार्डावरून, किंवा शेजारच्या मीटरच्या कानात सांगून, त्याने पुढच्याला सांगून, असे करीत करीत हा निरोप कंपनीच्या संगणकापर्यंत जातो.

परंतु आकडा पोचला म्हणजे अर्थ पोचला असे नाही. नुसते '२४०' कळवले, तर ती युनिटे समजायची की विजेचा दाब? आजचा आकडा की महिनाअखेरचा? घेतलेली वीज, की छपरावरच्या सौर तक्त्यांनी उलट कंपनीला दिलेली? प्रत्येक कारखान्याचा मीटर आपापल्या बोलीत बोलू लागला, तर कंपनीला प्रत्येकासाठी निराळा दुभाषी ठेवावा लागेल. आणि दुभाषी ज्याच्या हाती, त्याच्याकडूनच पुढचे मीटरही घ्यावे लागतील.

म्हणून एक सामाईक भाषा लागते. जगात बऱ्याच ठिकाणी 'डीएलएमएस' नावाची भाषा चालते. तिच्याच आधारे भारतीय मानक ब्यूरोने २०११ साली 'आयएस १५९५९' हे मानक काढले. २०१५ साली शहाण्या मीटरसाठी 'आयएस १६४४४' आले आणि २०१६ साली त्याच्या भाषेचा खास भाग जोडला गेला.

ह्या भाषेत प्रत्येक मोजमापाला सहा घरांचा एक पत्ता असतो. आपण आजवर घेतलेल्या एकूण विजेचा पत्ता आहे १-०-१-८-०-२५५. पहिला १ म्हणजे गोष्ट विजेची. तिसऱ्या घरातला १ म्हणजे घेतलेली वीज, तेथे २ आला की उलट दिलेली. पुढचा ८ म्हणजे साठत आलेली बेरीज. मीटर कोणत्याही कारखान्याचा असो, हा पत्ता विचारला की त्याने तीच गोष्ट सांगितली पाहिजे.

हे सारे फार परके वाटू देऊ नका. टपाल व तार खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेला पिनकोड आपल्याला दिला, त्यामागची युक्ती हीच आहे. ४११०३० म्हटले की पुण्याचे सदाशिव पेठ. पत्र तमिळ माणसाने लिहिलेले असो की बंगाली, टपालवाल्याला लिपी वाचता आली नाही तरी पेठ चुकत नाही.

विलायतेचा धडा

भाषा आधी ठरली नाही, तर काय होते ते ब्रिटनमध्ये दिसले. त्या देशात वीज विकणारी कंपनी गिऱ्हाइकाला बदलता येते. पहिल्या पिढीचे लाखो शहाणे मीटर घरोघर बसले. पण स्वस्त दर पाहून कोणी कंपनी बदलली, की नव्या कंपनीची यंत्रणा त्या मीटरशी बोलू शकेना. शहाणा एका रात्रीत मुका होई आणि यजमान पुन्हा वाकून आकडे वाचून कळवू लागे. अखेर सर्व कंपन्यांसाठी एक सामाईक जाळे २०१६ साली सुरू झाले, आणि मुके झालेले मीटर त्यात ओढून घेण्यात पुढची काही वर्षे गेली. देशभर मीटर पोचवण्याची २०२० ची मुदत तर हुकलीच.

आपल्याकडे भाषा आधी ठरली, हे आपले भाग्य. २०२१ साली केंद्र सरकारने २५ कोटी शहाणे मीटर मार्च २०२५ पर्यंत बसवायचे ठरवले. तीही मुदत टळली आणि वाढवावी लागली. महाराष्ट्रात २०२४ साली आगाऊ पैसे भरण्याच्या मीटरविरुद्ध एवढी ओरड झाली, की सामान्य घरगुती ग्राहकांना ते लावणार नाही असे सरकारला जाहीर करावे लागले. पुढे वापर आधी आणि पैसे मागाहून, अशा रीतीने शहाणे मीटर येत राहिले.

हिशेब करून पाहा: २५ कोटी मीटर आणि प्रत्येकाच्या रोज ४८ नोंदी, म्हणजे दिवसाला १,२०० कोटी नोंदी. त्यात मीटर एका कारखान्याचा, बसवणारा ठेकेदार दुसरा, निरोपाचे जाळे तिसऱ्याचे आणि बिल पाठवणारी कंपनी चौथी. चौघांची भाषा एक असली, तरी एक गोष्ट कोणतेही मानक ठरवून देऊ शकत नाही. ती कळली ती मात्र आमच्या घरातच.

वहीतली चूक

आषाढातल्या एका रविवारी सौ. चहा गाळता गाळता म्हणाली, "अहो, वरच्या मजल्यावरचे साहेब नव्या मीटरची एवढी स्तुती का करतात हो?"

खरेच, साहेब ज्याला त्याला सांगत असत. घरात पाच माणसे, कपडे धुण्याचे यंत्र, थंड हवेचे यंत्र. आणि बिल पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्यावर आले! ते ह्याचे श्रेय विज्ञानाला देत होते.

आम्ही मावशींचे बिल घेतले, त्यावर छापलेला मीटरचा क्रमांक जिन्याखाली शोधून काढला आणि मावशींचा मेन स्विच बंद केला. त्या क्रमांकाच्या मीटरचा तांबडा दिवा खुशाल लुकलुकत राहिला. लुकलुकणे थांबले ते शेजारच्या मीटरचे. बसवताना दोन क्रमांकांची अदलाबदल झाली होती. मीटर अक्षरशः खरे बोलत होता. त्याचे खरे बोलणे दुसऱ्याच्या नावावर लिहिले जात होते.

अर्ज केला, फोटो जोडले, तीन खेटे घातले. भाद्रपदात दोन्ही बिले दुरुस्त झाली. साहेबांनी फरकाची रक्कम मुकाट्याने भरली आणि विज्ञानाबद्दल बोलणे सोडले.

वाचकहो, ही तपासणी करायला इंजिनिअर लागत नाही. मीटरच्या तोंडावर, एका युनिटाला दिवा किती वेळा लुकलुकतो, तो आकडा छापलेला असतो. समजा तो ३,२०० आहे. घरातले बाकी सारे बंद करून १,००० वॉटची इस्त्री तापत ठेवली, तर मिनिटाला सुमारे ५३ वेळा दिवा लुकलुकला पाहिजे. नियमही आपल्या बाजूला आहेत. शहाण्या मीटरचे रीडिंग दिवसातून निदान एकदा घेतले जावे आणि ती माहिती ग्राहकाला मिळावी, असे केंद्राच्या २०२३ च्या नियमात आहे. २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे रीडिंगबद्दल तक्रार केल्यास कंपनीने पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर जोडायचा असतो आणि तो किमान तीन महिने ठेवायचा असतो. मावशींना हे ठाऊक असते, तर त्या काळोखात बसल्या नसत्या.

आणखी एक गोष्ट. दिवसाच्या ४८ नोंदी म्हणजे घराची दिनचर्याच: उठतो केव्हा, गावाला जातो केव्हा, रात्री कोण जागते. नेदरलँड्सच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ साली सक्तीच्या मीटरचा कायदा अडवला, तो मुख्यतः ह्याच कारणाने. पुढे नको म्हणण्याची मुभा ठेवूनच तेथे मीटर आले. चकती पाहून इस्त्री ओळखणारे आमचे वडील होते. नोंदी पाहून इस्त्री ओळखणारा कोण असेल, हे विचारण्याचा हक्क आपण सोडू नये.

यंदा नवरात्रात मावशींच्या देवघरात समई होतीच, आणि खिडकीत विजेचा दिवाही होता. जाता-येता त्या आता जिन्याखाली थांबतात, चष्मा पुसून आपल्या मीटरचा क्रमांक बिलाशी ताडून पाहतात. परवा मी मागून आलो, तर त्या त्याला विचारीत होत्या, "शहाणा आहेस खरा, पण नाव माझंच सांगतोस ना रे?"